आंबेखोलचा नकार

१

बुधवारी सकाळी साहेबांनी फाइल मागितली. शिपाई चिमणाबाईंनी हिरवं कपाट उघडलं, वरचा खण बघितला, खालचा बघितला, कपाटामागच्या फटीतही हात घालून बघितला आणि मग तिथल्याच स्टुलावर मटकन बसल्या. आंबेखोलची फाइल गेली होती.

कोल्हापुरातल्या त्या रस्ते विभागाच्या कार्यालयात फाइल हरवणं काही नवलाचं नव्हतं. पंधरा दिवसांनी ती कुणाच्या तरी डब्याखाली सापडायची, नाहीतर कुणाची बदली झाल्यावर त्याच्या खणात. पण ही फाइल पंधरा दिवस थांबणारी नव्हती. तिची मुदत शुक्रवारी कचेरी सुटताना संपत होती. म्हणून वरच्या कचेरीत फोन गेला आणि दुपारी शिवगंगाबाई हत्तरकी रिक्षातून उतरल्या.

शिवगंगाबाई मूळच्या गडहिंग्लजच्या. नोकरीची एकोणतीस वर्षं झाली होती आणि त्यातली निम्मी लोकांच्या चुका शोधण्यात गेली होती. गहाळ फायली, खोटे दाखले, सरकलेल्या हद्दी. जिल्ह्यात कुठं असं काही झालं की ते त्यांच्या टेबलावर यायचं. सुरुवातीला त्यांना याचा अभिमान वाटायचा. आता फक्त गुडघे दुखायचे. निवृत्तीला सात महिने उरले होते, आणि ही चौकशी शेवटची ठरावी अशी त्यांची फार इच्छा होती.

कार्यालयाचे प्रमुख अमरसिंह सरनोबत यांनी चहा मागवला आणि सगळं सांगितलं. गगनबावड्याच्या रस्त्यावरून आत आंबेखोल नावाचं गाव लागतं, त्याच्या पुढं पाच वाड्या. तिथं मोबाइल लागत नाही. एका कंपनीनं रस्त्याच्या कडेनं चौदा किलोमीटर केबल टाकायची आणि शेवटी टॉवर उभा करायची परवानगी मागितली होती. रस्ता यांच्या विभागाचा, तेव्हा होय की नाही ते यांनी सांगायचं. सरनोबत नाही म्हणणार होते.

"पूर्वी बरं होतं, मॅडम," ते म्हणाले. "आम्ही गप्प बसलो की काम थांबायचं. आता दूरसंचाराचे नियम बदललेत. मुदतीत आम्ही काही बोललो नाही, तर परवानगी दिली असंच धरतात. आणि नाही म्हणायचं तर कारणं लेखी द्यायची, पुराव्यासकट."

ती कारणं त्या फायलीत होती. कनिष्ठ अभियंता रुद्रेश मगदूम यांनी पाहणी करून अकरा पानांचा अहवाल दिला होता. रस्त्याच्या कडेची माती भुसभुशीत आहे, चर खणला तर डोंगर खाली येईल, असं त्यात मोजमापांसकट लिहिलं होतं. सही केलेली प्रत ती एकच. मंगळवारी दुपारी तीनला सरनोबतांनी फाइल चिमणाबाईंकडे कपाटात ठेवायला दिली. बुधवारी त्यावर नकाराची सही करायची होती.

मग मगदूमांनी अहवाल पुन्हा लिहून द्यावा, असं शिवगंगाबाईंनी सुचवलं. सरनोबतांनी तेही विचारून बघितलं होतं. मगदूम म्हणत होते की मोजमापं आठवत नाहीत, आणि नव्यानं पाहणी करायला चार दिवस तरी लागतील.

शिवगंगाबाई कपाटापाशी गेल्या. कुलूप धड होतं. किल्ली चिमणाबाईंच्या स्टुलामागच्या खिळ्याला नेहमीसारखी लटकत होती. कॉरिडॉरमधला कॅमेरा महिन्याभरापासून बंद होता. आजूबाजूच्या फायली जशाच्या तशा, एकही तिरकी झालेली नव्हती. चोरानं शोधाशोध केलेलीच नव्हती. कुठली फाइल कुठं आहे आणि किल्ली कुठं लटकते, दोन्ही त्याला ठाऊक होतं.

२

मंगळवारी दुपारी बाहेरची दोनच माणसं कार्यालयात येऊन गेली होती, आणि दोघंही याच फायलीसाठी.

पहिले विजयसिंह इंगवले. त्या खोऱ्यात डिश अँटेनावरून थोडंफार इंटरनेट पुरवणारा एकटा माणूस. गगनबावड्यात त्यांचं दुकान होतं. लोकांचे सातबारे, परीक्षेचे फॉर्म, रेशनचे अंगठे, सगळं त्यांच्याच दुकानात व्हायचं. आंबेखोलच्या माणसाला एका कागदासाठी दिवसाची मजुरी बुडवून तिथं यावं लागायचं. केबल आली तर हे दुकान बसणार हे उघड होतं. केबलविरुद्ध हरकतीचा अर्ज त्यांनी दिला होताच.

शिवगंगाबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. ते ढगळ पांढऱ्या शर्टात आले, खुर्चीत रेलून बसले आणि काही लपवायचं नसल्यासारखे बोलले. मंगळवारी चारच्या सुमारास आपण आलो होतो, नकार सुटला का ते विचारलं, उद्या सुटेल असं कळलं, आणि चहा पिऊन गेलो, असं त्यांनी सांगितलं.

"मी कशाला फाइल नेऊ, मॅडम? तिच्यात माझंच काम होतंय की. फाइल गेल्यानं माझीच झोप उडालीया," ते म्हणाले.

दुसरा राजवीर खाडे, कंपनीचा माणूस. तिशीचा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, सोबत लॅपटॉपची बॅग. चार जिल्ह्यांतल्या अशा वीस परवानग्या त्याच्या डोक्यावर होत्या. कुठं ग्रामपंचायत अडवते, कुठं वनखातं, कुठं शेतकरी म्हणतो टॉवरनं आंब्याचा मोहोर गळतो. तो सांगत होता आणि शिवगंगाबाईंना वाटत होतं, हा आपल्यापेक्षाही दमलेला आहे. मंगळवारी तो सरनोबतांच्या पाया पडायचा तेवढा राहिला होता. त्यांनी त्याला दारापर्यंत घालवत नेऊन सांगितलं होतं की माझा रस्ता खणायचा नाही.

शिवगंगाबाईंनी फाटकावरची नोंदवही मागवली. राजवीर दोन पन्नासला बाहेर पडला होता. फाइल कपाटात गेली तीनला. तो परत आल्याची नोंद नव्हती, आणि फाटकावरचा माजी सैनिक माणूस नोंदीशिवाय मांजरालाही आत सोडत नाही, असं सगळेच म्हणाले.

म्हणजे राजवीर नव्हे. राहिले इंगवले. पण इंगवल्यांचं म्हणणं खोडता येत नव्हतं. शिवगंगाबाई संध्याकाळी राजारामपुरीतल्या आपल्या घरी परतल्या, गुडघ्यांना तेल चोळलं आणि गॅलरीत बसून वहीत आकडे घालावेत तशी एकेक गोष्ट मांडत गेल्या. सकाळपासून या विषयावर जो तो म्हणत होता की कुणीतरी केबल अडवायला फाइल पळवली. ऑफिसात तेच, चहाच्या टपरीवर तेच. आजवर फाइल गेली की काम अडायचं, म्हणून सगळ्यांच्या डोक्यात तेच बसलं होतं.

पण कंपनीचा अर्ज सरकारी पोर्टलवर सुखरूप होता. नकाशे तिथंच, शुल्काची पावती तिथंच. कागदावर फक्त एकच गोष्ट होती, मगदूमांचा अहवाल. चोरानं अर्ज नेलाच नव्हता. त्यानं नकार नेला होता.

केबल अडवणाऱ्यानं नव्हे, केबल यावी म्हणून कुणीतरी ही फाइल उचलली होती. आणि राजवीर तर दोन पन्नासलाच गेला होता.

३

गुरुवारी सकाळी शिवगंगाबाईंनी चिमणाबाईंना समोर बसवलं. बाई साठीला टेकलेल्या, नवऱ्याच्या जागी शिपाई म्हणून लागलेल्या, पुढच्या वर्षी सुटणाऱ्या. त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं की हे सगळं आपल्याच गळ्यात पडणार, ते आपल्याला माहीत आहे. किल्ली आपली, कपाट आपलं. साहेब लोक वाचतात, शिपाई मरतो. त्या रडल्या नाहीत. रडून झालं असावं.

शिवगंगाबाईंनी त्यांना मंगळवारची दुपार नीट आठवायला सांगितली. तीनला फाइल ठेवली. साडेतीनला त्या बँकेत भरणा करायला गेल्या, पाचला परत आल्या. तेवढा वेळ किल्ली खिळ्याला होती. मधल्या वेळात हॉलमध्ये कोण होतं? दोन लिपिक लग्नाला गेलेले. इंगवले पावणं साहेबांच्या केबिनमध्ये. हॉलमध्ये मगदूम साहेब तेवढे.

"पर त्येंचं कसं म्हनायचं, मॅडम," चिमणाबाई म्हणाल्या. "रिपोर्ट त्येंनीच लिवलाय की. आपलंच पोर कोन इहिरीत टाकंल?"

हा प्रश्न बरोबर होता. शिवगंगाबाई त्याच्यापाशीच अडल्या होत्या.

रुद्रेश मगदूम चौतिशीचे, शांत, नीट भांग पाडलेले. त्यांच्या टेबलावरचे कागद चौकोनी लावलेले होते. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं, पण शिवगंगाबाईंकडं बघितलं नाही. मंगळवारी दुपारी जागेवरच होतो. कुणाला कपाटापाशी बघितलं नाही. अहवालाची मोजमापं आठवत नाहीत. त्याच माणसाला शिवगंगाबाईंनी सहज म्हणून विचारलं की राधानगरीच्या रस्त्यावरच्या पुलाचं काम गेल्या वर्षी कुठवर आलं होतं, तर त्यांनी खांबांच्या उंचीसकट सांगितलं. मग स्वतःच थांबले आणि पेनचं टोपण लावत बसले.

वर्षापूर्वीच्या पुलाची उंची आठवते आणि महिन्यापूर्वीची मोजमापं आठवत नाहीत. शिवगंगाबाई खाली गेल्या आणि जीपचं लॉगबुक मागितलं.

अहवालात पाहणीची तारीख सात जानेवारी होती, हे सरनोबतांना पक्कं आठवत होतं. आठ तारखेला तो त्यांच्या टेबलावर आला होता. लॉगबुकात सात जानेवारीला एकही फेरी नव्हती. ड्रायव्हरनं सांगितलं की त्या आठवड्यात जीपचा गिअरबॉक्स उघडून ठेवला होता, गाडी जागची हलत नव्हती. मग मगदूम साहेब मोटारसायकलवरून गेले असतील का? ड्रायव्हर हसला. सात तारखेला सगळ्या ऑफिसची मीटिंग होती, साहेबांच्या शेजारीच बसले होते ते.

शिवगंगाबाईंनी पानं उलटली. पंधरा जानेवारीला एक नोंद होती, ड्रायव्हरच्या हस्ताक्षरात नसलेली. त्या दिवशी तो रजेवर होता आणि मगदूमांनी स्वतः गाडी नेली होती. स्थळ, आंबेखोल. कारण, पाहणी. परतीच्या रकान्यात फक्त "कळे" हे वाटेवरच्या गावाचं नाव लिहिलेलं होतं आणि पुढं काहीच नाही.

शिवगंगाबाई ती ओळ बघत राहिल्या. अहवाल आठ तारखेला दिला. मग लिहून झाल्यावर सात दिवसांनी पाहणीला कोण जातं?

४

त्याच जीपमधून त्या दुपारी आंबेखोलला गेल्या. कळे मागं पडलं, ऊस विरळ झाला, डोंगर जवळ आले. आतला रस्ता नवाकोरा होता, काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा. सरनोबतांचा या रस्त्यावर जीव का जडला असेल ते कळत होतं. आत शिरल्यावर दुसऱ्या किलोमीटरला शिवगंगाबाईंच्या फोनवरच्या रेघा गेल्या.

मध्येच त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याच्या कडेला ड्रायव्हरनं पहार मारून बघितली. ठणाठण वाजली. तीन ठिकाणी बघितलं, तीनही ठिकाणी कातळ. भुसभुशीत माती म्हणतात ती कुठंच नव्हती.

गावात माणसं कमी होती. दूध संकलनाच्या खोलीत एक बाई कॅन धूत होत्या. झुंबरबाई पडवळ. दुधाचं मशीन आहे, पण ते नेटशिवाय मुख्य डेअरीशी बोलत नाही, म्हणून फॅटचे आकडे वहीत लिहून आठवड्यानं गगनबावड्याला पाठवायचे, हे त्यांनीच सांगितलं. पोरं सगळी कोल्हापूरला, पुण्याला. शिकलेली सून महिनाभर राहिली आणि नवऱ्याला घेऊन निघून गेली, कारण तिचं काम फोनवरचं होतं. टेकडीवर चढलं की एका खडकावर रेंज येते. तिथं जायला पाऊण तास लागतो.

शिवगंगाबाईंनी पंधरा जानेवारीला इथं सरकारी जीप आली होती का, एवढंच विचारलं. झुंबरबाईंचे हात कॅनवर थांबले.

त्या दिवशी सकाळी त्यांचे मालक जोतीराम पाण्याची पाळी बघायला शेतात गेले होते. उसातून गवा बाहेर आला. त्यानं त्यांना शिंगावर घेतलं. पोटाला लागलं होतं. शेजारचे दोघं अँब्युलन्सला फोन करायला खडकाकडं पळाले. गावातली एकुलती एक गाडी बाजाराला गेलेली. झुंबरबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसून राहिल्या, कुणी तरी येईल म्हणून. किती वेळ, ते त्यांना सांगता आलं नाही.

"मग एक साहेब आलं, जीप घिऊन. फोटो काडत हुतं रस्त्याचं," झुंबरबाई म्हणाल्या. "त्येंनी काय इचारलं न्हाई. ह्यास्नी उचलून आत घातलं. माझ्याकडं बघून म्हनलं, मावशी, हात सोडू नगासा. आनि अशी हाकली गाडी की बाई."

कळ्याच्या अलीकडं जोतीराम गेले. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

झुंबरबाई त्या साहेबांचं नाव विसरल्या होत्या. चेहरा लक्षात होता. नीट भांग पाडलेला, आणि सगळा शर्ट रक्तानं माखलेला. तेराव्यासाठी कळ्याच्या दवाखान्यात निरोप ठेवला होता, पण ते आले नाहीत.

"तुमच्या हापिसातलं असतील तर सांगा त्येस्नी," त्या म्हणाल्या. "म्हनावं, तुमचं उपकार हाईत आमच्यावर."

५

शुक्रवारी सकाळी दहाला शिवगंगाबाई रेकॉर्डच्या खोलीत उभ्या होत्या. फाइल इमारतीच्या बाहेर गेलेली नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. ज्या माणसानं टेबलावरचे कागदसुद्धा चौकोनी लावलेत, तो सरकारी फाइल जाळणार नाही, फाडणार नाही. तो ती चार दिवस लपवेल आणि मुदत संपल्यावर कुणाला तरी सापडू देईल. आणि कागद लपवायला कागदांच्या खोलीइतकी चांगली जागा दुसरी नाही.

खोलीत लाल कापडात बांधलेली चारशेच्या वर बासनं होती. एकेक सोडून बघायचं तर सोमवार उजाडला असता. शिवगंगाबाईंनी चिमणाबाईंना विचारलं की ही सगळी तुम्हीच बांधता का. त्या म्हणाल्या, अकरा वर्षं झाली, दुसरं कुणी हात लावत नाही. बांधतात सुरगाठीनं. एक टोक ओढलं की मोकळं, साहेब लोकांना थांबायला नको.

"मग निरगाठ कुठं दिसते का बघा," शिवगंगाबाई म्हणाल्या.

चिमणाबाई मांडणीवरून हात फिरवत गेल्या. तिसऱ्या रांगेत, बंद पडलेल्या नाल्यांच्या कामांत, एका बासनापाशी त्या थांबल्या. गाठ आवळून दोनदा मारलेली होती. ती नखांनी सुटेना, शेवटी कात्रीनं कापावी लागली. आत, मधोमध, आंबेखोलची फाइल होती.

शिवगंगाबाईंनी रुद्रेशना तिथंच बोलावून घेतलं आणि चिमणाबाईंना बाहेर चहाला पाठवलं. फाइल बघून रुद्रेश दचकले नाहीत. उलट त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

त्यांनी जे सांगितलं ते शिवगंगाबाईंना बरंचसं आधीच कळलेलं होतं. साहेबांनी सांगितलं, माती भुसभुशीत आहे असं लिही. त्यांनी लिहिलं. असे अहवाल यापूर्वीही लिहिले होते, न जाता, टेबलावर बसून, जुन्या अहवालातली मोजमापं थोडी बदलून. पंधरा जानेवारीला ते गेले ते फोटो काढायला, कारण कंपनी सुनावणीत पुरावा मागेल अशी कुणकुण लागली होती. कातळ कुठं कमी दिसेल तो कोन शोधत होते. तेवढ्यात वळणावर एक बाई दिसली.

"फोन लावायला मी खिशात हात घातला, मॅडम," रुद्रेश म्हणाले. "चारदा घातला. पाचव्यांदा आठवलं, इथं लागतच नाही. आणि लागू नये असं मीच लिहून आलोय."

अहवाल मागं घ्यायचं त्यांनी सरनोबतांना दोनदा बोलून बघितलं. ते म्हणाले, मागं घेतलास तर खोटा लिहिला होतास असं होईल, आणि मग तू आणि मी दोघंही घरी. घरी आजारी वडील होते, धाकट्या भावाचं शिक्षण होतं. खरं बोलायचं धैर्य झालं नाही. फाइल उचलायचं तेवढं झालं. चार दिवस लपवली की कायदाच परवानगी देईल, असं त्यांनी धरलं होतं. चिमणाबाईंवर आळ येईल हे लक्षात आलं तेव्हा बुधवार उजाडला होता.

"आता?" त्यांनी विचारलं.

शिवगंगाबाईंनी घड्याळ बघितलं. साडेअकरा. कचेरी सुटायला साडेसहा तास होते. फाइल सापडली असं वर कळवणं त्यांचं काम होतं. कळवलं की सरनोबत अर्ध्या तासात नकारावर सही करणार. न कळवलं तर त्या स्वतः चोरीत सामील. एकोणतीस वर्षांत त्यांनी एकही कागद दडवलेला नव्हता, आणि आता सात महिने उरलेले असताना दडवायची त्यांची तयारी नव्हती.

त्यांनी रुद्रेशसमोर कोरा कागद ठेवला.

"फाइल मी आत्ताच परत देणार आहे," त्या म्हणाल्या. "पण आत काय काय असेल, ते तुमच्या हातात आहे. जे आत्ता मला सांगितलंत ते लिहून द्या. दोन्ही. खोटा अहवाल आणि चोरी. त्यानं तुमची नोकरी वाचणार नाही. माझ्यानं ती वाचवणं होणारही नाही."

रुद्रेशनी पेन उघडलं. लिहायला त्यांना पाऊण तास लागला.

६

दीड वाजता शिवगंगाबाईंनी फाइल सरनोबतांच्या टेबलावर ठेवली. सर्वांत वर रुद्रेशचा जबाब होता, त्याखाली लॉगबुकाच्या पानाची प्रत, त्याखाली रस्त्याकडेच्या कातळाचा आदल्या दिवशी केलेला पंचनामा. प्रत्येक पानावर क्रमांक आणि सही होती. पोच घेऊन त्यांनी एक प्रत वरच्या कचेरीला पाठवलीही होती.

सरनोबतांनी सगळं वाचलं. राग आला असेल, पण दिसला नाही. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि सांगितलं की सात वर्षांपूर्वी एका कंपनीनं असाच चर खणला आणि तसाच सोडून दिला. त्यात एक मोटारसायकलवाला पडला, पाय गेला. चौकशी सरनोबतांची झाली. तेव्हापासून त्यांनी ठरवलं की आपल्या रस्त्याला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

"खड्ड्याचा मेमो मला येतो, मॅडम," ते म्हणाले. "रेंज नसल्याचा मेमो कुणालाच येत नाही. त्या जोतीरामाचा मेमो आला का कुणाला?"

शिवगंगाबाईंनी सांगितलं की नाही, आला नाही. चर नीट बुजवायची हमी कंपनीकडून घ्या, अटी घाला, तो अधिकार कायद्यानं तुम्हाला दिलाय, एवढं त्या बोलल्या. मग त्या बाहेर येऊन बाकावर बसल्या. सरनोबतांनी नकाराचा मसुदा पुढं ओढला, आणि तो तसाच ठेवून बसून राहिले. खोटं ठरलेल्या कारणावर सही करायची हिंमत त्यांना झाली नाही, आणि होय म्हणायचंही जिवावर आलं. सहा वाजले. चिमणाबाईंनी पंखे बंद केले. आंबेखोलला परवानगी मिळाली होती.

पुढच्या आठवड्यात रुद्रेश निलंबित झाले. चिमणाबाईंवरचा ठपका पुसला गेला. सरनोबतांना खुलासा मागितला गेला आणि महिन्याभरानं त्यांची बदली झाली. राजवीरनं फोन करून आभार मानायचा प्रयत्न केला, तेव्हा शिवगंगाबाईंनी त्याला चर वेळेवर बुजव एवढंच सांगितलं.

केबल पुढच्या डिसेंबरात पोचली. शिवगंगाबाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. एके दिवशी रुद्रेश त्यांच्या घरी आले. विभागीय चौकशी अजून चालूच होती. ते एका ठेकेदाराकडं हिशेबनीस म्हणून काम करत होते. आंबेखोलला जायचं आहे, पण एकट्यानं पाय उचलत नाही, असं ते म्हणाले. शिवगंगाबाईंनी गुडघ्याला पट्टा बांधला आणि दोघं एसटीनं निघाले.

दुधाच्या खोलीत मशीनचा आकडा आता पडद्यावर उमटत होता. शेजारच्या पडवीत गावातल्याच एका सुनेनं सातबारे काढून द्यायचं टेबल मांडलं होतं आणि चार माणसं रांगेत उभी होती. झुंबरबाईंनी रुद्रेशना लगेच ओळखलं. त्यांनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, आत बसवलं, ताक दिलं. रुद्रेशनी पेला खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. अहवाल कुणी लिहिला, कसा लिहिला, आणि त्या दिवशी ते फोटो कशाचे काढत होते.

बाहेर मशीन पीक पीक करत होतं. झुंबरबाईंनी डोळे पुसले नाहीत, आवाजही चढवला नाही.

"तुमी बघितल्यावर मागं फिरलासा," त्या म्हणाल्या. "ते झालं. पर न बघताच लिवणारं अजून किती हाईत तिकडं, बाई?"

प्रश्न शिवगंगाबाईंना होता. त्यांना आपलं टेबल आठवलं, संध्याकाळी साडेपाचला समोर येणारा कागदांचा गठ्ठा, आणि शेवटची बस चुकू नये म्हणून भराभर फिरणारं आपलंच पेन. त्या कागदांतली गावं कुठली होती, ते त्यांना एकही आठवेना.

"लई हाईत," त्या म्हणाल्या. "मीबी हुते."

झुंबरबाईंनी मान हलवली, उठल्या आणि दोघांचे पेले पुन्हा भरले.